चुकल्यावर काय होतं ते पाहा

हल्ली लग्नाकार्यात भेटणाऱ्या तरुण आया मला एक प्रश्न हमखास विचारतात, “खाला, मुलांसाठी मोबाइलवर कुठलं ॲप चांगलं?” मी माध्यमिक शाळेतली गणिताची निवृत्त शिक्षिका. हा प्रश्न माझ्याकडे येतो त्याला एक जुनं कारण आहे. १९८७ ते १९९० या काळात घरगुती संगणकावरचे खेळ आणि अभ्यासाचे प्रोग्राम तपासून त्यांची परीक्षणं लिहिण्याचं काम मी केलं. कुठल्या मासिकासाठी नव्हे. माझे वाचक होते कुवेतमध्ये नोकरी करणारे आमच्या पंचक्रोशीतले बाप.

त्या परीक्षणांची शंभर पानी वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात ३४ नोंदी आहेत. त्यातली यंत्रं आता संग्रहालयात शोधावी लागतील. पण मुलांच्या हातात काय द्यावं हे ठरवताना मी जे प्रश्न विचारत होते, ते आजच्या आईबापांनाही उपयोगी पडतील असं वाटतं, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगते.

खडक नावाचा संगणक

आमचं गाव चिपळूण तालुक्यात, वाशिष्ठीच्या काठी. कोकणातल्या कित्येक मुस्लिम गावांप्रमाणे आमच्याही गावच्या चुली तेव्हा आखाताच्या पैशावर पेटत. माझे थोरले भाऊ कुवेतमध्ये एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची रजा मिळे. १९८७ च्या मे महिन्यात भाईजान आले, तेव्हा कांबळी, अत्तर, दूध पावडरचे डबे यांच्याबरोबर एक चपटं यंत्र घेऊन आले. वरून नुसता कीबोर्ड दिसे. एकेका बटणावर इंग्रजी आणि अरबी अशी दोन्ही अक्षरं होती. नाव होतं ‘सख्र’. अरबीत सख्र म्हणजे खडक.

हा संगणक काढणाऱ्या गृहस्थांचं नाव मोहम्मद अश-शारिख. त्यांनी १९८२ मध्ये कुवेतमध्ये अल-आलमिया ही कंपनी स्थापन केली. अरबी बोलणाऱ्या मुलाला संगणक शिकण्यासाठी आधी इंग्रजी शिकावी लागू नये, हा त्यांचा ध्यास होता. कुरआनचा मजकूर संगणकावर आणण्याच्या कामातही ही कंपनी अगदी पुढे होती. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

सख्र हा ‘एमएसएक्स’ पद्धतीचा संगणक होता. १९८३ मध्ये जपानमध्ये ही पद्धत जाहीर झाली. संगणक कुठल्याही कंपनीचा असो, एकाचा प्रोग्राम दुसऱ्यावर चालायलाच हवा, अशी त्यामागची योजना होती. त्यामुळे आमच्या घरात जपानी खेळ, अरबी शिकवण्या आणि इंग्रजी प्रोग्राम एकाच यंत्रावर चालत. त्याची स्मरणशक्ती ६४ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या चाळीस-पन्नास पट जागा घेतो.

आपल्या देशातही तेव्हा संगणकाची सुरुवात होत होती. १९८४-८५ मध्ये सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू करून सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे इंग्लंडचे संगणक दिले होते. १९८६ पासून डीबी स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक भारतात मिळू लागला होता. माझ्या शाळेपर्यंत मात्र यातलं काही पोहोचलं नव्हतं.

यंत्र घरात आलं तरी ते चालवणं सोपं नव्हतं. कुवेतचा प्लग चौकोनी पिनांचा, आपलं सॉकेट गोल. चिपळूणच्या दुकानातून कन्व्हर्टर आणला. टीव्ही काळा-पांढरा. प्रोग्राम दोन प्रकारचे असत. कार्ट्रिज असेल तर खाचेत बसवलं की लगेच सुरू. कॅसेट असेल तर भाईजानांनीच आणलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर जोडायचा, कॅसेट लावायची आणि कर्कश आवाज ऐकत पाच-पाच मिनिटं बसून राहायचं. टेपचं हेड जरा सरकलेलं असलं की सगळं फुकट. मग बारीक स्क्रू-ड्रायव्हरने ते जुळवून पुन्हा पहिल्यापासून. एवढं करून प्रोग्राम चढावा आणि वीज जावी, हे पावसाळ्यात रोजचंच होतं.

परीक्षणं का लिहावी लागली

वर्षभरात पंचक्रोशीतल्या सात घरांत असे संगणक आले. एकाच्या बापाने पाठवला की दुसऱ्याची मुलं आपल्या बापाला पत्रातून तेच मागत. तिकडे बाप काय करत? शुक्रवारी सुट्टी. बाजारात जायचं, खोक्यावरचं चित्र बघायचं आणि उचलायचं. खोक्यावर ‘शैक्षणिक’ असा शब्द असला की दोन पैसे जास्त मोजायलाही ते तयार. मदतनीसाची नोकरी करणाऱ्या माणसाची दोन-तीन दिवसांची कमाई एका कार्ट्रिजमध्ये जाई.

परत जाताना भाईजान मला म्हणाले, “तू गणिताची बाई. जे येईल ते मुलांना देऊन बघ आणि घेण्यासारखं आहे का ते मला लिहून पाठव. मी तिथे सगळ्यांना सांगतो.”

मग शिरस्ता पडला. नवीन काही आलं की ते आठ दिवस आमच्या ओटीवर. भाईजानांची तीन मुलं आणि शेजारची चार-पाच खेळणार. मी हात लावायचा नाही, मागे स्टुलावर बसून नुसतं बघायचं. मग कार्बन लावून एक पान लिहायचं. एक प्रत वहीत चिकटवायची, दुसरी मुंबईहून विमानाने निघणाऱ्या गाववाल्याबरोबर कुवेतला. तिथे तिच्या झेरॉक्स होऊन गाववाल्यांच्या खोल्यांमधून फिरत.

मी दर पानावर रकाने आखत असे. कॅसेट की कार्ट्रिज? काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर खेळता येतं का? वीज गेली तर किती पाण्यात? भाषा कोणती? आणि शेवटचे दोन रकाने माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचे. पहिला, चुकल्यावर काय होतं? दुसरा, उठल्यावर मूल काय बोलतं?

पेंग्विन, माकड आणि पडणारं घर

कोनामी या जपानी कंपनीचा अंटार्क्टिक ॲडव्हेंचर नावाचा खेळ होता. एक पेंग्विन अंटार्क्टिकावर धावतो. वाटेत बर्फातले खड्डे आणि त्यातून मध्येच डोकं वर काढणारे सील. वेळ संपायच्या आत पुढच्या देशाच्या तळावर पोहोचायचं. पोहोचलं की त्या देशाचा झेंडा वर चढतो. खोक्यावरून वाटे, नुसती पळापळ आहे. पण पडद्यावर उरलेला वेळ आणि उरलेले किलोमीटर सतत दिसत. आठ दिवसांत मुलं म्हणू लागली, “फुफी, एवढ्या वेळात एवढं अंतर, म्हणजे आता थांबून चालणार नाही.” काळ-काम-वेगाची उदाहरणं मी वर्गात वर्षभर शिकवते, तेव्हा इतकी घाई कुणाला नसते.

टीव्ही काळा-पांढरा असल्यामुळे झेंड्यांचे रंग दिसत नसत. मुलांनी नकाशाचं पुस्तक काढून रंग शोधले आणि कागदावर झेंडे रंगवून भिंतीला लावले. मग प्रश्न आला, “भारताचा झेंडा कुठे आहे?” खेळात तो नव्हताच. तेव्हा मी त्यांना सांगितलं की आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजाने निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. तिचे नेते होते डॉ. सय्यद जहूर कासिम, समुद्रविज्ञानातले फार मोठे शास्त्रज्ञ. त्यानंतर १९८३-८४ मध्ये तिथे ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचं ठाणं उभं राहिलं. मुलांनी तिरंगा रंगवून भिंतीवर आठव्या जागी लावला. ‘उठल्यावर मूल काय बोलतं’ या रकान्यात मी हे सगळं लिहिलं आणि खाली शेरा दिला: घ्यावा.

कोनामीचाच मंकी अकॅडमी हा खेळ उघड उघड गणिताचा होता. पडद्यावर एक हिशेब दिसे, त्यातला एक आकडा गायब. माकडाने मजल्यामजल्यावरून फिरत पडदे उघडायचे आणि तो आकडा शोधायचा. मागे शत्रू लागलेले. ज्याने हिशेब आधी मनात केला, तो नेमका आकडा हेरत फिरतो. ज्याने केला नाही, त्याला समोर आलेला आकडा घ्यावा की सोडावा हेच कळत नाही, आणि तेवढ्यात त्याला गाठतात. इथे गणित करणं हाच खेळ जिंकण्याचा रस्ता होता. भाईजानांचा धाकटा मुलगा, जो पाढे म्हणायला बसवलं की पोट दुखतं म्हणायचा, तो माकडाला वाचवायला सातचा पाढा पाठ करून आला. शेरा: घ्यावा.

याउलट एक कॅसेट आली. कंपनीचं नाव सांगत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘शैक्षणिक’. देशांच्या राजधान्या विचारायची. बरोबर उत्तर दिलं की पडद्यावर ‘शाबास’ असा एक शब्द. चुकलं की घराची एक भिंत कोसळायची, छप्पर उडायचं, धडाम आवाज व्हायचा. दुसऱ्या दिवशी ओटीवर हास्याचा कल्लोळ ऐकून मी बाहेर आले. पाचही मुलं मुद्दाम चुकीची उत्तरं देत होती. घर पडताना बघायला मजा येत होती, बरोबर उत्तरात काय होतं? त्यातून चुकलेल्याला खरी राजधानी कोणती हे तो प्रोग्राम सांगतही नसे. सगळी राजधान्यांची यादी संपली, मुलांनी घर अठरा वेळा पाडलं आणि एकही नवीन राजधानी कुणाला आली नाही. शेरा: घेऊ नये. एकाने आधीच घेतली असल्यास टेप पुसून तिच्यावर घरच्यांना आवाज भरून पाठवावा.

निव्वळ खेळांनाही मी वाईट म्हटलं नाही. रोड फायटर हा मोटारींचा खेळ होता. त्यात शिकण्यासारखं काही नाही, असं मी स्पष्ट लिहिलं. पण पेट्रोल संपलं की खेळ संपतो, मूल हसत उठतं आणि दुसऱ्याला जागा देतं, हेही लिहिलं. खेळाने खेळ असावं, त्याने अभ्यासाचं सोंग घेतलं की मला राग येई.

कासवाने काढलेला त्रिकोण

भाईजानांची मधली मुलगी तेव्हा सातवीत होती. शाळेत गणितात काठावर पास. शिक्षकांचं मत, हिला गणित जमणार नाही. आठवीसाठी एसटीने चिपळूणला जावं लागे. त्यामुळे सातवीनंतर तिने घरीच राहावं, शिवण शिकावं, असं भाईजान आणि भाभींचं जवळजवळ ठरलं होतं.

१९८८ च्या अखेरीस ‘लोगो’चं कार्ट्रिज आलं. लोगो ही मुलांसाठी केलेली संगणकाची भाषा. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. पडद्यावर एक कासव असतं. त्याला हुकूम द्यायचे, इतकी पावलं पुढे जा, इतके अंश उजवीकडे वळ. चालताना ते मागे रेघ सोडतं. ‘रिपीट ४, फॉरवर्ड ५०, राइट ९०’ म्हटलं की चौकोन तयार.

तिने चौकोन केला, मग त्रिकोणाला हात घातला. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे तिला पाठ होतं. तिने लिहिलं, तीनदा पुढे जा आणि ६० वळ. कासवाने तीन रेघा काढल्या आणि एक उघडी वाटी काढून थांबलं. घंटा वाजली नाही, भिंत पडली नाही, ‘चूक’ असा शब्दही आला नाही. तिने जे सांगितलं होतं तेच कासवाने केलं होतं, आणि ते तिच्यासमोर होतं.

ती बराच वेळ बघत बसली. मग उठून अंगणात गेली. खडूने त्रिकोण काढला आणि स्वतः कासव होऊन त्यावरून चालू लागली. कोपऱ्यावर आली, वळली आणि ओरडली, “फुफी, मी तर खूपच वळते! साठ नाही!” त्रिकोणाच्या आतला कोन ६०, पण चालणाऱ्याला वळावं लागतं १२०. परत येऊन तिने ६० च्या जागी १२० टाकलं, त्रिकोण मिटला. मग तिने आपण होऊन ती जुनी वाटी पुन्हा काढली आणि तीनऐवजी सहा वेळा चालवली. मधमाशीच्या पोळ्यातलं घर तयार झालं. चार वेळा ९०, तीन वेळा १२०, सहा वेळा ६०, सगळ्यांची बेरीज ३६०. हे तिला कुणी सांगितलं नाही. तिने वहीत लिहून मला दाखवलं.

बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश असते, हे मी पोरांना पाठ करायला लावते. पाठ केलेल्यांतल्या फार थोड्यांना ते उमगलेलं असतं. तिला पाठ नव्हतं आणि उमगलं होतं.

त्या वेळचं परीक्षण दोन पानांचं झालं. लोगोविषयी अर्धं पान आणि दीड पान तिच्याविषयी. तिने काय लिहिलं, काय चुकलं, अंगणात काय केलं, सगळं जसंच्या तसं. सल्ला एकही दिला नाही. दीड महिन्याने भाईजानांचं पत्र आलं. शेवटी एक ओळ होती: हिला आठवीत घाल, पासाचे पैसे वेगळे पाठवतो.

वाचता येणं आणि समजणं

आता अरबी प्रोग्रामांची गोष्ट. भाईजानांचा समज असा, की मुलं मकतबमध्ये कुरआन वाचतात, म्हणजे अरबी शिकवण्या त्यांना सहज जमतील. थोरल्याचा तर नाजरा कुरआन पुरा झालेला. उत्साहाने त्याने अरबी गणिताचं कार्ट्रिज लावलं. आकडे त्याला ओळखीचे होते. वरची ओळ वाचताना मात्र तो अडला. तिथे एकच शब्द होता. त्याने वाचला आणि मला विचारलं, “फुफी, इथे अख्तर कोण?”

तो शब्द होता ‘इख्तर’, म्हणजे ‘निवड कर’. अरबीत दोन्हींची अक्षरं तीच. मुसहफमध्ये जबर-जेर असतात, त्यांच्या आधाराने मूल अचूक वाचतं. छापील अरबीत आणि संगणकावर ते नसतात. अर्थ माहीत असेल त्यालाच उच्चार कळतो. आमच्या थोरल्याला तीस पारे वाचता येत होते आणि ‘निवड कर’ हा साधा शब्द कळत नव्हता.

मी कुवेतला लिहिलं, ‘प्रोग्राम उत्तम आहे, पण अरबी जाणणाऱ्या मुलांसाठी. आपल्या मुलांना हरफ येतात, भाषा येत नाही.’ हे पान तिकडे बरंच चर्चेत राहिलं, असं भाईजान म्हणाले. काहींना ते खटकलं. पण मकतबच्या मौलवी साहेबांनी ते मनावर घेतलं आणि सबक झाल्यावर रोज पाच शब्दांचे अर्थ सांगायला सुरुवात केली. ‘इख्तर’ त्या पहिल्या पाचांत होता.

बरोबर वाचणं म्हणजे समजणं नव्हे आणि बरोबर उत्तर म्हणजे शिकणं नव्हे. मूल चुकतं तेव्हाच त्याला काय समजलेलं नाही हे दिसतं. म्हणून मी प्रत्येक प्रोग्राम चुकीच्या उत्तरापाशी तपासत असे.

व्यसनाला गुण

१९८८ मध्ये लंडनला स्थायिक झालेला मामेभाऊ आला तेव्हा त्याच्या मुलाच्या बॅगेत ‘क्रॅश’ नावाच्या इंग्रजी मासिकाचे जुने अंक होते. इंग्लंडमधल्या लडलो या छोट्या गावातून फेब्रुवारी १९८४ पासून हे मासिक निघू लागलं. फक्त स्पेक्ट्रम संगणकाच्या खेळांची परीक्षणं त्यात असत. मला आवडलं ते असं, की परीक्षण करायला त्यांनी गावातल्या शाळेची मुलंच घेतली होती आणि एका खेळावर तिघांची मतं एकाखाली एक छापत. ती एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असा आग्रह नसे.

मी ती पद्धत घेतली, जरा आपल्या घराला शोभेल अशी. पहिलं मत जिंकणाऱ्या मुलाचं. दुसरं सारख्या हरणाऱ्याचं. तिसरं त्या आईचं, जी स्वयंपाकघरातून फक्त आवाज ऐकते. तिसरं मत फार मोलाचं ठरलं. “या खेळानंतर भांडणं जास्त होतात,” हे मला स्टुलावर बसून कळत नसे, भाभींना फोडणी देताना कळे.

‘क्रॅश’ची एक गोष्ट मात्र मी घेतली नाही. ते प्रत्येक खेळाला वेगवेगळे टक्के देत, त्यात एक रकाना होता व्यसन लावण्याच्या गुणाचा. जितकं व्यसन जास्त, तितके टक्के जास्त. ती पोरं भाबडेपणाने लिहीत होती, खेळ सोडवत नाही एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण तो रकाना वाचून मी थबकले. आज मोबाइलवरचे कित्येक खेळ आणि अभ्यासाची ॲपं बघते, रोज आलं नाहीस तर साखळी तुटेल, अजून एक नाणं मिळव, घंटा वाजली बघ, तेव्हा कळतं की त्या एका रकान्यावरच आता सगळा धंदा उभा आहे.

२ ऑगस्टनंतर

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आमच्या पंचक्रोशीतली घरंच्या घरं रेडिओला चिकटली. पाच आठवडे भाईजानांची काही खबर नव्हती. तिथे अडकलेल्या भारतीयांपैकी १ लाख ७० हजारांहून अधिक लोकांना मुख्यतः एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून मायदेशी आणण्यात आलं. भाईजान सप्टेंबरमध्ये आले. तेरा वर्षांच्या नोकरीचं सगळं तिथेच राहिलं. हातात एक पिशवी होती. तिच्यात पासपोर्ट, मुलांची पत्रं आणि माझ्या परीक्षणांची घडी.

भाभींनी विचारलं, “हे कशाला आणलंत?” ते म्हणाले, “त्यात पोरं होती.”

तोवर मला वाटत होतं की मी खेळांविषयी लिहिते. ते मात्र त्यात आपली मुलं वाचत होते: धाकटा सातचा पाढा म्हणतोय, थोरला अडखळतोय, मधली अंगणात चालतेय.

पुढचे दिवस ओढीचे गेले. संगणक विकावा म्हटलं तर घेणारं कुणी नव्हतं. वहीतली ३४ वी नोंद जुलै १९९० ची, त्यापुढची पानं कोरी. मुलीची शाळा मात्र थांबली नाही. बारावीनंतर तिने आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. आज ती चिपळूणला घरांचे नकाशे काढते. अल्हम्दुलिल्लाह, पंचक्रोशीतली कितीतरी घरं तिच्या रेघांवर उभी आहेत.

आजच्या आयांसाठी

आता मूळ प्रश्नाकडे येते. ॲपचं नाव मी सांगत नाही, कारण सहा महिन्यांत ते बदलतं. तपासायचं कसं ते सांगते.

ॲप मुलाला देऊन निघून जाऊ नका. पहिले आठ दिवस रोज अर्धा तास मागे बसा. सांगू नका, शिकवू नका, फक्त बघा. मग मूल चुकतं तेव्हा काय होतं ते नीट पाहा. नुसतं लाल फुली येत असेल तर ते ॲप परीक्षा घेतं, शिकवत नाही. चुकल्यावर जास्त गंमत येत असेल तर ते घर पाडणाऱ्या कॅसेटचं नातवंड आहे. कुठे आणि का चुकलं हे मुलाला स्वतः दिसत असेल, तर ठेवा.

गणित केल्याशिवाय खेळ जिंकता येतो का, हेही बघा. येत असेल तर मूल गणित टाळून जिंकायला शिकेल. खेळ स्वतः थांबतो की तुम्हाला हिसकावून घ्यावा लागतो? आणि फोन ठेवल्यावर मूल काय बोलतं? नाण्यांविषयी बोलतं की झेंड्यांविषयी?

शेवटचं सांगणं ज्यांच्या घरातला कर्ता माणूस आजही दुबई, दोहा, रियाध किंवा कुवेतमध्ये आहे त्यांना. आता रोज व्हिडिओ कॉल होतो. बाप विचारतो, “अभ्यास केला?” मूल म्हणतं, “केला.” तेवढ्यात नेट जातं. आठवड्यातून एकदा, एका पानावर, मुलाने या आठवड्यात काय करून पाहिलं, कुठे अडलं आणि त्यातून कसं बाहेर पडलं एवढं त्यांना लिहून पाठवा. गुण कळवू नका, ते निकालपत्रात असतात. रात्री पाळीवरून खोलीवर आलेला माणूस ते पान दोनदा वाचेल.